रानभाज्या, ऋतू आणि लेखणी: मराठीत खाद्य-निसर्ग लेखन सुरू करणाऱ्यांसाठी

खाण्यावर लिहिणारे मराठीत पुष्कळ आहेत, निसर्गावर लिहिणारेही आहेत. पण कढईतली भाजी कुठल्या उतारावर उगवली, यंदा ती उशिरा का आली, ती खुडून आणणाऱ्या बाईच्या हातात किती पैसे पडले आणि घसा खाजू नये म्हणून तिच्याबरोबर कोणतं फळ शिजवतात, हे सगळं एकाच लेखात सांगणारे फार थोडे. दुर्गाबाई भागवतांनी ऋतूंवर लिहिलं तितक्याच प्रेमाने खाद्यपदार्थांवरही लिहिलं. त्या वाटेवर आज भरपूर जागा मोकळी आहे.

दर उन्हाळ्याच्या शेवटी मला नव्या मुलामुलींचे फोन येतात. सुरुवात कुठून करू, कुणाला पाठवू, यात पैसे आहेत का, हेच प्रश्न. एकेकाला सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: या कामात शैली नंतर येते. पहिली पुंजी म्हणजे तारखेनिशी केलेल्या नोंदी. ज्याच्याकडे त्या आहेत त्याला विषय कमी पडत नाहीत.

1. हातातली नोकरी सोडू नका

मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर होते. निव्वळ लेखांच्या मानधनावर घर चालवणं मराठीत तेव्हाही अवघड होतं, आजही आहे. उत्पन्न येतं ते अनेक ठिकाणांहून थोडं थोडं: वर्तमानपत्रातलं सदर, दिवाळी अंक, पुस्तकाचं मानधन, शाळा-महाविद्यालयांतली व्याख्यानं, रानफेऱ्या, स्वयंपाकाच्या कार्यशाळा, माहितीफलकांचा मजकूर, भाषांतरं. पहिली दोन-तीन वर्षं हे सगळं मिळूनही प्रवासखर्च निघाला तरी चांगलं चाललंय असं समजा.

नोकरी असल्याचा आणखी एक फायदा आहे. पैशांसाठी वाटेल त्या कंपनीच्या तेलाची किंवा मसाल्याची तारीफ लिहावी लागत नाही.

2. एकच टापू निवडा

सगळा सह्याद्री तुमचा नाही. घरापासून दोन तासांत पोचता येईल असा एखादा टापू आणि तिथला एक आठवडी बाजार धरा आणि वर्षभर तिथेच जा. ठाण्या-कल्याणकडच्यांना मुरबाड, कर्जत. पुण्याच्या मंडळींना मुळशी. गोव्यात असाल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. विदर्भातल्यांनी तर दूर जायचं कारणच नाही, तालुक्याच्या बाजारात तरोटा आणि काटवल पुढ्यात येतात.

एकाच बाजारात वारंवार गेलं की विकणाऱ्या मावशी ओळखू लागतात. "आज नको घेऊ, जून झालीय," असं त्या स्वतःहून सांगतात. ही माहिती पुस्तकात मिळत नाही.

परदेशात असलेल्या वाचकांनाही हे करता येतं. आपली घोळ ही पालेभाजी अमेरिकेत अंगणात आणि फुटपाथच्या फटींत तण म्हणून उगवते. तिथे राहून तिच्यावर लिहिणं हे आठवणींच्या भरवशावर कोकणाबद्दल लिहिण्यापेक्षा कितीतरी ताजं होईल.

3. नोंदवही, आणि ती का

समजा तुम्हाला शेवळं या रानभाजीवर लिहायचं आहे. शेवळं येतात पहिल्या पावसाच्या सुमाराला, मृगाच्या आगेमागे, आणि त्यांचा हंगाम थोडे दिवसच असतो. लेख छापून यायला हवा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे संपादकाकडे तो मे महिन्यात पोचला पाहिजे. तेव्हा शेवळं जमिनीखाली असतात. तुम्ही लिहिणार ते गेल्या वर्षीच्या नोंदींवरून. नोंदी नसतील तर जून उजाडल्यावर धावपळ करून बाजारात जाल, लेख जुलैत तयार होईल आणि संपादक म्हणेल, "आता पुढच्या वर्षी बघू."

नोंदीत एवढं तरी हवं:

- तारीख, ठिकाण, नक्षत्र, त्या आठवड्यात पाऊस पडला होता की नाही
- वनस्पती कुठल्या टप्प्यावर आहे: कोंब, कोवळी पानं, कळी, फूल, फळ
- कोणती झाडं, कसली जमीन, ऊन की सावली
- बाजारात असेल तर कोण विकतंय, कुठल्या गावाहून आलं, वाट्याचा किंवा जुडीचा भाव
- विकणारी व्यक्ती ती कशी शिजवते, तिच्याच शब्दांत
- घरी शिजवल्यावर वास, पोत, चव आणि किती भाजीची किती झाली

भाव जरूर लिहा. नवे लेखक रंग-वास लिहितात आणि भाव विसरतात. काही वर्षांच्या भावांची नोंद हाताशी असली की तिच्यावरच एक चांगला लेख उभा राहतो.

पावसाळ्यावरच अडकून राहू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं आणि काजूचे बोंडू, मेमध्ये करवंदं आणि कोकम, पावसाळ्याच्या सुरुवातीला कुलू आणि टाकळा, पुढे कंटोळी आणि भारंगी, गणपतीच्या आसपास चाईचा मोहोर, थंडीत ज्वारीचा हुरडा आणि रायगडात वालाच्या शेंगा व भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात लावलेली पोपटी. ऋषिपंचमीची भाजी तर या लेखनाचा पाठच आहे. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, या एका नियमामुळे परसातलं आणि रानातलं काय काय ताटात येतं ते गावोगाव विचारून बघा.

4. ओळख पटल्याशिवाय एक अक्षरही लिहू नका

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथली चूक वाचकाच्या पोटात जाते.

स्थानिक नावं प्रत्येक जिल्ह्यात बदलतात. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. कंटोळी कुठे कर्टुली असते, कुठे काटवल. उलटंही होतं: सफेद मुसळी आणि काळी मुसळी या नावाने बहिणी वाटल्या तरी त्या दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती आहेत. म्हणून लेखात स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही द्या. टाकळ्यासाठी सेना टोरा, घोळीसाठी पोर्चुलाका ओलेरॅसिया, शेवळासाठी अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. देवनागरीत लिहिलं तरी चालतं, पण शब्दलेखन एकच ठेवा.

ओळख पटवायची कशी? आधी माहीतगार माणसाकडून, मग पुस्तकातून, मग फोटोवरून. क्रम हाच ठेवा. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी सूची तयार केली ती जुनी असली तरी अजून कामाला येते. तिच्यातली काही शास्त्रीय नावं मात्र आता बदलली आहेत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतीसंग्रह, अशी ठिकाणं आहेत. जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक तर बहुतेक वेळा आनंदाने मदत करतात. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर फोटो टाकलात की जाणकार मत देतात. मात्र ॲपने सुचवलेलं नाव हा फक्त अंदाज असतो. त्यावर विसंबून काहीही तोंडात घालू नका आणि वाचकालाही घालायला सांगू नका.

तीन गोष्टींबाबत विशेष सावध राहा.

कंद. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी दिसायला सुंदर, पण तिचा कंद जहाल विषारी आहे. रानातले कडू कंद आदिवासी घरांमध्ये खाल्ले जातात, पण ते अनेकदा उकळून, पाणी बदलून, कडूपणा काढून. ही प्रक्रिया अर्धवट लिहिण्यापेक्षा लिहू नका.

अळंबी. वारुळावरच्या अळंबीच्या चवीवर, तिच्या हंगामावर, बाजारात उडणाऱ्या झुंबडीवर मनसोक्त लिहा. पण "ती अशी ओळखावी" हे कधीही लिहू नका. फोटो आणि चार ओळींवरून अळंबी ओळखता येत नाही.

खाजरेपणा. अळू, सुरण, शेवळं यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच घसा खाजतो. म्हणून अळवात चिंच किंवा आमसूल आणि शेवळांबरोबर काकड या रानझाडाची आंबट फळं. शेवळं आणि काकडं बाजारात शेजारी-शेजारी दिसतात ती यामुळेच. पाककृतीत काकडं "ऐच्छिक" लिहिलीत तर वाचकाचे हाल होतील.

5. ज्यांच्याकडून शिकता त्यांच्याशी वागणं

ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कोकणा, भिल्ल, पावरा, गोंड, कोरकू, माडिया या समाजांच्या स्वयंपाकघरांत जे रोज शिजतं त्यावर आपण लिहितो. त्यामुळे "विस्मरणात गेलेली भाजी" हा शब्दप्रयोग टाळा. ती तुमच्या इमारतीत कुणाला माहीत नसेल, पण हजारो घरांत ती काल रात्रीच झाली असेल.

बाजारात गर्दीच्या वेळी गप्पा मारू नका. आधी भाजी घ्या, घासाघीस करू नका, बाजार ओसरत आला की बसा. फोटो काढण्याआधी विचारा. लेख कुठे छापून येणार ते सांगा. नाव-गाव छापलेलं चालेल का, हेही विचारा; काहींना आवडतं, काहींना नको असतं, आणि काही ठिकाणी वनखात्याचं लचांड मागे लागेल ही भीती खरी असते. औषधी वापर एखाद्या वैदूने विश्वासाने सांगितला असेल तर तो लेखात जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांचं ज्ञान त्यांच्या नावाने ओळखलं गेलं. तसंच जतन करणाऱ्या कितीतरी बाया तुमच्या टापूत असतील. "एका आदिवासी महिलेने सांगितलं" असं लिहून त्यांना पुसून टाकू नका.

एक उपयोगी साधन सहसा कुणाला सुचत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींमध्ये जैवविविधता समित्या आहेत आणि त्यांनी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ग्रामपंचायतीत जाऊन ती बघायला मागा. काही गावांत ती नावापुरती आहे, काही गावांत खजिना आहे. ऑगस्टच्या सुमाराला कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, तिथेही जा. बचतगटांच्या बाया एका दिवसात भरपूर भेटतात.

6. रानात काय करायचं नाही

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात काहीही खुडू नका, खणू नका, उचलू नका. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंचा, हक्क तिथल्या रहिवाशांना दिला आहे, पाहुण्या लेखकाला नाही.

दुर्मीळ वनस्पतीचं नेमकं ठिकाण छापू नका. कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती फक्त पश्चिम घाटात आहेत, आणि त्यांचे कंद खाल्ले जातात. अशा रोपाच्या फोटोतून जीपीएसची माहिती काढून टाका, पार्श्वभूमीत ओळखू येणारा कडा किंवा देऊळ असेल तर फोटो बदला. "कास परिसरात" एवढंच पुरे.

7. पाककृती लिहिताना

वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. म्हणून वजन ग्रॅममध्ये द्या आणि ते निवडण्याआधीचं की निवडल्यानंतरचं हे स्पष्ट लिहा. पालेभाजीत हा फरक निम्म्याचाही असू शकतो. शेवळांच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा असतो, कुलूच्या पानांचा पांढरा टणक बुडखा काढायचा असतो. निवडण्याच्या या पायऱ्याच नवख्याला माहीत नसतात. फोडणी सगळ्यांना येते. निवडणं दोन परिच्छेद लिहा, फोडणी दोन ओळींत संपवा.

छापायला देण्याआधी ती भाजी कधीही न केलेल्या माणसाला तुमचा कागद द्या आणि शेजारी गप्प उभे राहा. तो जिथे थबकेल तिथे एक वाक्य कमी आहे.

8. लेख लिहिताना

"पावसाळा आला की धरती हिरवा शालू नेसते," ही सुरुवात संपादकांनी इतक्यांदा वाचलेली असते की पुढचा मजकूर ते वाचतच नाहीत. त्याऐवजी पाहिलेलं लिहा: "टाकळ्याच्या पानांच्या जोड्या संध्याकाळी मिटतात. पिवळी फुलं दिसू लागली की भाजी जून झाली." दोन लहान वाक्यं, पण वाचक दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला वाकून बघेल.

"मधुमेह बरा होतो", "रक्त शुद्ध होतं", "कॅन्सरवर रामबाण" असली वाक्यं कुणीही सांगितली तरी लिहू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारे रानभाज्यांचे तक्ते अशाच दाव्यांनी भरलेले असतात. लोक औषधं सोडून भाज्या खाऊ लागतात. "अमुक गावात बाळंतिणीला देतात" ही नोंद आहे, "बाळंतिणीने खावी" हा सल्ला आहे. नोंद करा, सल्ला देऊ नका.

9. कुठे आणि कसं पाठवायचं

सुरुवात जिल्हा आवृत्ती, स्थानिक साप्ताहिक किंवा रविवारच्या पुरवणीपासून करा. दिवाळी अंकांची परंपरा 1909 सालच्या 'मनोरंजन' मासिकापासून चालत आली आहे आणि सविस्तर लेखाला आजही तिथेच जागा मिळते. पण अंकाची आखणी उन्हाळ्यातच सुरू होते. मे-जूनमध्ये विचारणा करा, सप्टेंबरमध्ये नाही.

पूर्ण लेख थेट पाठवण्याआधी एक लहान पत्र लिहा: विषय काय, आत्ताच का, तुमच्याकडे कुठल्या नोंदी आणि फोटो आहेत, किती शब्द. पाच-सहा ओळी पुरतात. एकच लेख दोन ठिकाणी एकाच वेळी पाठवू नका. मराठीत संपादक एकमेकांना ओळखतात.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमध्ये पाठवलेली फाइल समोरच्याकडे चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन उघडते. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, त्याचा दर्जा उतरतो. मूळ फाइल ईमेलने, तिच्या नावात वनस्पतीचं नाव, ठिकाण आणि तारीख घालून पाठवा.

10. करार, पैसे आणि कागदपत्रं

ही एक फाइल तयार ठेवा:

- पॅन आणि आधारची प्रत
- बँक खात्याचा तपशील, रद्द केलेला धनादेश
- बिलाचा नमुना: लेखाचं शीर्षक, प्रसिद्धीची तारीख, शब्दसंख्या, ठरलेली रक्कम
- छापून आलेल्या लेखांच्या पीडीएफ प्रती
- चार ओळींचा परिचय आणि एक फोटो
- ज्यांची नावं-फोटो वापरले त्यांच्या संमतीची नोंद. सही शक्य नसेल तर आवाजातली परवानगी

मानधन किती ते लेख देण्याआधी विचारा. विचारायला लाज वाटू देऊ नका. रकमेतून 10 टक्के करकपात झाली तर विवरणपत्र भरून ती हिशेबात धरता येते, म्हणून कपातीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

पुस्तकाच्या बाबतीत सगळ्यात मोठा सापळा म्हणजे तुमच्याकडूनच पैसे घेऊन पुस्तक छापणारे. हौस म्हणून ते करायचं असेल तर करा, पण त्याला प्रकाशन करार समजू नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीच्या क्रमांकाचे पैसे कुणी मागितले तर लक्षात ठेवा, भारतात तो राजा राममोहन राय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो.

करारात बघायच्या गोष्टी: मानधनाचा टक्का छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, आवृत्ती किती प्रतींची, हिशेब वर्षातून कितीदा, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक आणि भाषांतराचे हक्क कुणाकडे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच काही करारांत "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" असं वाक्य हळूच घातलेलं असतं. ते खोडायला सांगा. बरेच प्रकाशक खोडतात, विचारलं तर. फोटोंचे हक्क वेगळे ठेवा.

11. छापून आल्यावर

बिल त्याच आठवड्यात पाठवा, महिन्याने एकदा नम्र आठवण करा, दोन महिन्यांनी फोन.

अंकाची प्रत घेऊन बाजारात जा. ज्यांनी सांगितलं त्यांना ती द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. "असं नाही गं, काकडं आधी ठेचायची," असं काही त्या म्हणतील. ते तिथेच वहीत तारखेसह लिहा, संपादकाला दुरुस्ती कळवा आणि पुस्तक करायची वेळ येईल तेव्हा दुरुस्त मजकूरच घ्या. लेखाचे पैसे आल्यावर त्यातला काही वाटा त्यांना द्यायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मी देते.